चाळीस घरांचा एक रेडिओ

कळंबात जी जी म्हणून नवी गोष्ट आली, ती आमच्या घरमालकांनी तिच्या पाच-सात वर्षं आधीच आणलेली, चालवलेली, बुडवलेली आणि विसरूनही गेलेली असायची. गावात वीज आली आणि केस कापायच्या दुकानात छताला पंखा लागला, तेव्हा लोक माना वर करकरून बघत होते. पण त्याच दुकानात, विजेचा खांब कसा असतो हे गावाला ठाऊक नव्हतं तेव्हा, घरमालकांनी पंखा लावून दिला होता. तो गिऱ्हाइकानेच पायाने चालवायचा होता. खुर्चीखाली शिलाई मशीनचं जुनं पायटं, त्याला दोरी आणि दोरीच्या वरच्या टोकाला बांबूच्या पट्ट्यांची पाती. वारा झकास यायचा. पण दुसऱ्याच दिवशी दुकानवाला हात जोडून दारात उभा. "चाचा, पंख्याला नाव ठिवायला जागा न्हाय. पण गिऱ्हाईक पाय हलवतंय तशी त्याची मान बी हलती, अन् माझ्या हातात वस्तरा असतोय." घरमालक क्षणभर विचारात पडले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मग मान धरायची काहीतरी सोय करावी लागेल." दुकानवाल्याने त्याच संध्याकाळी पंखा काढून परत आणून दिला.

मी मूळचा बेंबळीचा. कळंबच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली तेव्हा मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि सरकारी पाट्यांवरची उर्दू अजून पुरती पुसली गेली नव्हती. खोली शोधत फिरताना कुणीतरी ह्यांचं घर दाखवलं. पन्नाशीचे, सडपातळ, दाढी नीट कातरलेली आणि पायजम्याला गुडघ्यांपासून खाली लहान लहान भोकं, चाळणीसारखी. (ती बॅटरीतल्या तेजाबाची होती हे पुढे कळलं.) मला खोली दाखवताना ते म्हणाले, "खोली चांगली आहे मास्तर. पण ह्या कोपऱ्यात माळवद गळतं. आणि विंचू आहेत. दोन मी मारले, तिसरा असणार." असं सांगून खोली भाड्याने देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी खोली घेतली. तिसरा विंचू आठवड्यात निघाला. तेव्हा ते मला धीर द्यायला आले नाहीत, आपलं अनुमान खरं ठरल्याच्या आनंदात आले.

हातात आलेली कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायची ही त्यांची सवय. मी पहिल्या दिवशी त्यांना पाणी दिलं तर त्यांनी तांब्याचं बूड कसं जोडलंय ते बघायला तांब्या उलटा केला आणि भिजल्या मांडीने म्हणाले, "वा, डाग अगदी बारीक दिलाय." दुसरी सवय म्हणजे बोटं. निजामाच्या फौजेत ते बिनतारी यंत्रावर होते. संस्थान विलीन झालं, फौज मोडली, यंत्रं सरकारजमा झाली आणि घरमालक एक ट्रंक, एक चिमटा आणि दोन तल्लख कान घेऊन गावी परतले. पण बोटं काही फौजेतून सुटली नाहीत. बोलायचा कंटाळा आला की ते समोरच्या वस्तूवर तारेच्या भाषेत कट्ट-कडकट्ट वाजवत. जेवताना ताटाच्या कडेवर वाजवलं, की आतून चाची ओरडायच्या, "मीठ कमी है तो लोणचं घेव ना!" चाची म्हणजे त्यांची बायको. माहेर नळदुर्गचं. मराठी, दखनी आणि थोडी कानडी अशी त्यांची भाषा एकाच पातेल्यात शिजलेली होती. त्या पडद्यातल्या. वर्षातून दोनदा माहेरी जायच्या, तेवढंच त्यांचं उंबरठा ओलांडणं. तारेची भाषा त्यांना कुणी शिकवली नव्हती. वीस वर्षांच्या संसारात ती आपोआप कानावर पडून आली होती.

घरमालकांनी रेडिओ काढला तो मी राहायला गेल्यावर दुसऱ्या वर्षी. 'काढला' हाच शब्द बरोबर, जसं कुणी दुकान काढतं. कल्पना साधी होती. गावात रेडिओ फक्त तहसिलीत आणि दोन-चार बड्या घरांत. बाकीच्यांना तो परवडायचा नाही आणि वीज तर नव्हतीच. तेव्हा एकच रेडिओ आपल्या घरात ठेवायचा, त्याचा आवाज यंत्राने वाढवायचा आणि तारा ओढून घरोघर पोचवायचा. प्रत्येक घरात भिंतीवर लाकडाची एक पेटी, पेटीत छोटा भोंगा आणि बाहेर एकच खुंटी, चालू करायची आणि बंद करायची. भोंगे त्यांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणले, पेट्या गावातल्या सुताराने केल्या. माळवदावर लाकडी पात्यांची एक पवनचक्की उभारली, ती बॅटरी भरायची. वारा पडला की बॅटरी एस.टी.च्या टपावरून बार्शीला जायची आणि पायजम्याला आणखी दोन भोकं पडायची. परवानगीसाठी ते उस्मानाबादेला इतके हेलपाटे घालून आले की कंडक्टर त्यांची जागा धरून ठेवू लागला. शेवटी एक दिवस ते कागद घेऊन परत आले. "मिळाली, मास्तर! साहेब म्हणाले, आधी कुणी असं मागितलंच नाही, त्यामुळे नाही कसं म्हणायचं ते ऑफिसात कुणाला माहीत नाही."

बिनतारीतला माणूस तारेत कसा शिरला, असं मी एकदा गमतीने विचारलं. ते यंत्राची जोडणी करत होते. मान वर न करता म्हणाले, "बिनतारीला हवा पुरते, मास्तर. तार न्यायची म्हटली की प्रत्येकाच्या दारात जावं लागतं." थोड्या वेळाने म्हणाले, "फौजेतून आलो तेव्हापासून गावात कुणाच्या दारात गेलो नव्हतो." त्या दिवसांत निजामाच्या फौजेतून परतलेल्या माणसाशी लोक नीट बोलत, पण रस्त्यावर उभं राहून बोलत.

आणि खरंच ते दारोदार गेले. हातात गिरमिट घेऊन, "भिंतीत एक भोक पाडू का?" असं विचारत. पहिले होकार आले ते केवळ विचारण्याच्या पद्धतीमुळे. मग एका घरातलं गाणं शेजारच्या घरी ऐकू जाई आणि शेजारीण म्हणे, आमच्या बी भिंतीत भोक पाडा. मारुतीच्या पारावरच्या पिंपळावरून तार दर्ग्याच्या कडुनिंबावर आली, तिथून आडतवाल्यांच्या माळवदावर, तिथून सुतारआळीत. वर्षभरात चाळीस घरं झाली. वर्गणी कुणी रोख देई, कुणी दुधाच्या रतिबात फेडी. संध्याकाळी मुंबई, पुणे नाहीतर हैदराबाद केंद्राची गाणी लागायच्या आधी अर्धा तास गावाचा. त्यात मी माइकवरून आडतीतला ज्वारीचा भाव वाचायचो, हरवलेल्या म्हशींची वर्णनं सांगायचो आणि लातूरची एस.टी. मांजरेच्या पुलावर बंद पडली असेल तर घरच्यांनी जेवणाला थांबू नये, हेही.

एका संध्याकाळी मी भाव वाचून संपवले आणि माइक बंद करायचा विसरलो. आतून चाचींचा आवाज आला, "अजी सुने क्या? आडतवाल्यांच्या घरून भोपळा आलाय तो कडू जहर आहे. गाईला घालू का फेकून देऊ?" हा प्रश्न चाळीस घरांनी ऐकला. त्यांत आडतवाल्यांचंही घर होतं. पंधरा मिनिटांत आडतवाल्यांच्या बायकोने नवा भोपळा पाठवला आणि सोबत निरोप, की ह्याची फोड आम्ही चाखून पाठवलीय. चाचींनी लाजेने दोन दिवस तोंड बाहेर काढलं नाही. पण तिसऱ्या दिवशी गल्लीगल्लीतून निरोप येऊ लागले, की भाव-बिव असू द्या, चाचींना बोलू द्या.

"नक्को गे माँ, मेरेकू क्या आता?" असं आठवडाभर म्हणून चाची अखेर बसल्या. माइकला डोळे नसतात हे ठाऊक असूनही त्या आधी पदर डोक्यावरून नीट घेत. आणि मग जे सुरू झालं त्यापुढे मुंबई केंद्र फिकं पडलं. तान्ह्या पोराचं पोट दुखलं तर ओव्याचा शेक कसा द्यायचा, खारात मिरच्या मऊ का पडतात, नळदुर्गच्या किल्ल्यावरून पाणी कोसळताना बघितलं तेव्हा आपण सात वर्षांच्या होतो आणि कशा रडलो. त्या माइकशी बोलतच नसत, माणसांशी बोलत. एखादी गोष्ट सांगून झाली की विचारत, "कळलं का गं?" आणि थांबत. अगदी उत्तर ऐकून घ्यायला लागेल तेवढं थांबत. आणि मी स्वतः गल्लीतून जाताना ऐकलंय, एकेका घरातून पीठ मळता मळता, भांडी घासता घासता आवाज यायचे, "कळलं हो चाची!" मग चाची पुढचं बोलायला लागायच्या. उंबरठा न ओलांडणारी ती बाई रोज संध्याकाळी चाळीस घरांत जाऊन बसत होती. चाची बोलत तेव्हा घरमालक यंत्रापाशी उभे असायचे, आणि त्या अर्ध्या तासात त्यांची बोटं कशावरही वाजत नसत.

त्याच सुमारास गावात वीज आली आणि विजेमागोमाग कापडवाल्या शेठचं रेडिओचं दुकान आलं. शेठ वाईट माणूस नव्हता हे आधीच सांगतो. कापडाच्या दुकानात बसून बसून त्याला माणसं कळत होती, एवढंच. एका मोठ्या कंपनीची एजन्सी त्याने घेतली. चकचकीत सागवानी खोकं, आत केंद्र नीट लागलं की मिटणारा हिरवा डोळा आणि काचेच्या पट्टीवर जगभरच्या शहरांची नावं. ज्या शहरांचं एक अक्षर कधी कळंबात ऐकू येणार नव्हतं त्या शहरांवरून काटा फिरवायला लोक दुकानात गर्दी करत. रेडिओ घेणाऱ्याला भिंतीवर लावायला कॅलेंडर मिळायचं, आणि काही बिघडलं तर दर महिन्याला सोलापूरहून मेकॅनिक यायचा. घरमालक पहिल्याच दिवशी तिथं गेले, नवा रेडिओ उलटा करून बघितला आणि भरल्या दुकानात म्हणाले, "आवाज माझ्यापेक्षा साफ आहे. ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा." मी बाहेर आल्यावर रागावलो. "चाचा, आपल्याच दुकानाला आग लावता का?" ते चकित होऊन म्हणाले, "पण साफ आहे ना, मास्तर."

तरी फार घरं गेली नाहीत. पाच-सहा सुटली, ती बड्या लोकांची. मग घरमालक तापाने आजारी पडले आणि चार दिवस पेट्या मुक्या झाल्या. भेटायला रीघ लागली, पण येणारा आधी यंत्राची तब्येत विचारायचा. आडतवाले खाटेवर बसून म्हणाले, "चाचा, राग मानू नका. पण तुमचा रेडिओ म्हंजी तुमीच. तुमाला खोकला झाला की गावाला खोकला. शेठचा माणूस मेला तरी कंपनी दुसरा धाडती." ते घरमालकांच्या मनाला लागलं. ताप उतरल्यावर त्यांनी चाचींना आणि मला यंत्र चालवायला शिकवलं. मी विज्ञानाचा शिक्षक असून दोनदा झटका खाल्ला. चाचींनी पहिल्याच दिवशी तुटलेला सांधा डाग देऊन जोडला आणि घरमालक तो सांधा दिवसभर येईल त्याला दाखवत होते.

ह्या सगळ्यातून निभावलं असतं असं मला अजून वाटतं. पण एका रविवारी सकाळी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चहा पीत बसलो असताना शेठ येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला आणि मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "चाचा, एक इचारू का? तारेतनं आवाज तुमच्या घरून लोकांच्या घरी जातो. तसा लोकांच्या घरचा आवाज तुमच्याकडं बी येत आसंल का?" शेठने हे मुद्दाम विचारलं की सहज, हे मला आजवर कळलेलं नाही. मी घरमालकांच्या पायाला पाय लावला. पण त्यांचा चेहरा एखाद्याला हरवलेला भाऊ भेटावा तसा उजळला होता. "क्या सवाल है, शेठ! चार वर्षांत गावात कुणी हा सवाल विचारला नाही! येऊ शकतो. भोंगा आणि माइक आतून एकाच जातीचे. जोडणी उलटी केली की बोलणारा ऐकू लागतो!" हॉटेलात असलेली सगळी माणसं आमच्याकडे वळून बघत होती. "इथं सांगून समजायचं नाही," घरमालक म्हणाले, "येत्या रविवारी शाळेत दाखवतो."

मी आठवडाभर त्यांना समजावलं. म्हणालो, आपल्याकडे तशी जोडणीच नाही, तेव्हा 'येत नाही' म्हटलं तरी ते खोटं नाही. ते म्हणाले, "त्याने विचारलं येऊ शकतो का. शकतो." मग माझ्याकडे जरा वेळ बघून म्हणाले, "तुम्ही विज्ञान शिकवता ना, मास्तर?"

रविवारी शाळेच्या पटांगणात अर्धं गाव लोटलं. सातवीच्या वर्गात भिंतीवर एक पेटी टांगली, तिची तार बाहेरच्या यंत्राला उलटी जोडली आणि यंत्राला मोठा कर्णा लावला. आत जाऊन पेटीपुढे बोलायला आडतवाल्यांना पाठवलं. दार लावून घेतलं. आत गेल्यावर काय बोलावं हे आडतवाल्यांना सुचेना. ते स्वतःशीच हळू आवाजात म्हणाले, आणि ते सबंध पटांगणाने ऐकलं, "च्यायला, ह्या चाचाला दुसरा उद्योग न्हाय." असा हशा उसळला की पिंपळावरचे पक्षी उडाले. घरमालकही पोट धरून हसले. एखादा चमत्कार स्वतःच्या हाताने करून दाखवल्याचा तो आनंद होता.

हसणं ओसरलं. मग हळूहळू कुणीच हसेना. मी लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या घरी पोचला होता आणि पेटी कुठल्या भिंतीवर आहे, तिच्यासमोर आजवर काय काय बोललं गेलंय ते आठवत होता. मागून कुणीतरी म्हणालं, फार मोठ्याने नाही, "फौजेत ह्येच काम व्हतं न्हवं का ह्यांचं? दुसऱ्याचं ऐकायचं." घरमालकांनी ते ऐकलं. तल्लख कानांचा तोच एक तोटा. ते पुढे येऊन हात उंचावून सांगू लागले, की यंत्राची जोडणी मुद्दाम बदलल्याशिवाय हे होत नाही, माझ्या घरी या, बघा, तशी जोडणीच नाही. पण माणसं उठून पायातल्या वहाणा शोधू लागली होती.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. कुणी पेटीत कापूस कोंबला, कुणी ती भिंतीकडे तोंड करून टांगली, कुणी वरून गोधडी घातली. बायका आठवून आठवून एकमेकींना सांगू लागल्या, की चाची प्रश्न विचारून थांबायच्या, ते उगीच नाही थांबायच्या. आपण 'कळलं' म्हटल्याबरोबर पुढं बोलायच्या. म्हणजे ऐकू येतच होतं की! चाचींच्या मायेचा सगळ्यांत मोठा पुरावाच त्यांच्यावर उलटला. चाचींना ह्यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी त्या नेहमीप्रमाणे बसल्या. मी शाळेतून येताना सुतारआळीतून चाललो होतो. ज्या पेट्या अजून चालू होत्या त्यांतून त्यांचा आवाज येत होता. हिवाळ्यात ओठ फुटले तर साजूक तूप बेंबीला कसं लावायचं ते सांगून झालं आणि चाचींनी विचारलं, "कळलं का गं?"

मी उभा राहिलो. गल्लीत पंधरा घरं तरी असतील. आत बायका होत्या, चुली पेटलेल्या होत्या. एकाही घरातून आवाज आला नाही. चाची थांबल्या, तेवढंच थांबल्या, आणि पुढचं बोलू लागल्या. घरी गेलो तर त्यांनी नेहमीसारखा चहा पाठवला. मी त्यांना काही सांगितलं नाही. घरमालकांना मात्र सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खांद्याला पिशवी अडकवून, शिडी घेऊन निघाले. कुणी तक्रार केली नव्हती, कुणी तार काढा म्हटलं नव्हतं. "ज्या वस्तूची भीती वाटते ती भिंतीवर ठेवायची नसते, मास्तर," एवढंच म्हणाले. ज्या क्रमाने घरं जोडली होती त्याच क्रमाने त्यांनी ती सोडवली. पेटी उतरवायची, तार गुंडाळायची आणि भिंतीतलं भोक चुन्याने बुजवून वरून हात फिरवायचा. इतकं साफ, की आज कुणाला ते भोक कुठं होतं हेही सांगता यायचं नाही. प्रत्येक घरी त्यांना चहा मिळाला. प्रत्येक घरी त्यांनी तो घेतला. आडतवाल्यांच्या घरी आडतवाले म्हणाले, "चाचा, त्या दिवशी मी सहज बोललो व्हतो हो. तुमच्याबद्दल मनात कायबी न्हाय." घरमालक म्हणाले, "उलट तुमच्यामुळे प्रयोग रंगला." आणि हे ते मनापासून म्हणाले, कारण मनात नसलेलं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

शेवटची तार काढून आले त्या संध्याकाळी चाची यंत्राच्या खोलीत केर काढत होत्या. मी दारात होतो. त्यांनी विचारलं, "सगळ्या घरांतली काढली?" घरमालक म्हणाले, "सगळ्या." चाचींनी माइक पुसला, फडक्यात गुंडाळला आणि ट्रंकेत ठेवला. म्हणाल्या, "खारातल्या मिरच्यांचं अर्धंच सांगितलं होतं मी." बस. ह्यापलीकडे त्या विषयावर त्या कधी बोलल्याचं मला आठवत नाही. घरमालक मात्र त्या रात्री जेवले नाहीत.

धंदा का बुडाला ह्यावर स्टँडसमोरच्या हॉटेलात पुढे वर्षभर चर्चा चालली. कुणी म्हणे कंपनीपुढे एकटा माणूस टिकत नसतो, कुणी म्हणे विजेने मारलं, कुणी म्हणे शेठने. माझं मत विचाराल तर घरमालकांनी लोकांना रेडिओ दिला होता आणि शेठने ज्याला त्याला त्याचा स्वतःचा रेडिओ दिला. परक्याच्या घरातून येणारं चांगलं गाणं माणूस चार दिवस ऐकतो. पण पाहुण्यांसमोर आपल्या हाताने काटा फिरवायची जी मजा आहे ती पेटीच्या एका खुंटीत कुठून यायची? कंपनीकडे हिरवा डोळा होता, कॅलेंडर होतं, सोलापूरचा मेकॅनिक होता, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कंपनीला कुणी ओळखत नव्हतं. ओळखीच्या माणसावर संशय घेता येतो. कंपनीवर कसा घेणार?

दोन महिन्यांनी शेठ स्वतः घरी आला. पुढ्यात आलेला चहा संपवला. मग म्हणाला, "चाचा, मेकॅनिक महिन्यातनं एकदा येतो अन् अर्धे रेडिओ तसेच ठिवून जातो. गावात कान हायेत ते तुमालाच." घरमालक दुसऱ्या दिवसापासून शेठच्या दुकानात दुरुस्तीला बसू लागले. मला ते आवडलं नाही. मी तसं बोललो तर म्हणाले, "आतून फार सुरेख केलेली यंत्रं आहेत हो, मास्तर. कधी उघडून दाखवीन." शेठने मोठ्या मानाने एक रेडिओ त्यांच्या घरी पाठवला होता. चाचींनी तो आठ दिवस ठेवून घेतला आणि परत केला. त्या एवढंच म्हणाल्या, "अच्छा है. लेकिन उने किसीके वास्ते रुकता नई."

पुढे माझी बदली झाली. पाच-सहा वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी कळंबला गेलो, तेव्हा महाराष्ट्र होऊनही बरीच वर्षं झाली होती आणि स्टँडवर निम्मे चेहरे अनोळखी होते. शाळेतून सुटल्यावर शेठच्या दुकानाकडे वळलो. घरमालक एका उघड्या रेडिओत तोंड घालून बसले होते. केस पूर्ण पांढरे झालेले. मला बघून चिमटा खाली ठेवला आणि माझा हात बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, "चला, जेवल्याशिवाय जायचं नाही. घरी कळलं तर मला घरात घेणार नाहीत."

संध्याकाळ होत होती. आम्ही सुतारआळीतून निघालो. एका घरात गाणं सुरू झालं, एका बाईचा गोड, संथ आवाज. दोन पावलं पुढे गेलो तर पुढच्या घरात तेच गाणं. त्याच्या पुढच्या घरातही तेच. ज्याचा त्याचा रेडिओ, ज्याचा त्याचा काटा, आणि त्या वेळेला सगळ्यांनी लावलेलं केंद्र एकच. एका घराचा आवाज मागे पडायच्या आत पुढच्या घराचा आवाज आम्हाला सामोरा येत होता, आणि गाण्याची एक ओळ तर राहोच, एक शब्दही निसटत नव्हता. मी घरमालकांकडे बघितलं. त्यांनी चाल हळू केली, म्हणून मीही केली.

गल्ली संपली तरी गाणं संपलं नव्हतं. शेवटच्या घराच्या भिंतीपाशी ते थांबले, मान किंचित कलती करून. कडवं झालं, पुन्हा धृपद आलं, सतार वाजली आणि मग निवेदकाचा आवाज सुरू झाला. तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि समाधानाने म्हणाले,

"आता आवाज चांगला येतो."